न दुखणाऱ्या आरोपीला खुले पत्र

उच्च रक्तदाबा,

लखनऊत भांडतानाही समोरच्याला 'आप' म्हणतात. चौकात रिक्षाच्या भाड्यावरून हमरीतुमरीवर आलेली माणसंसुद्धा तेवढं सोडत नाहीत. तुला मात्र मी 'तू'च म्हणणार आहे. आदर कमवावा लागतो, आणि तू आजवर जे मिळवलंस ते चोरून मिळवलंस. ताप आला तर कपाळावर हात ठेवताच कळतो. दाढ दुखली तर रात्रभर झोप नसते. विंचू चावला तर सगळी आळी जागी होते. तू एखाद्याच्या अंगात पंधरा-वीस वर्षं राहतोस आणि त्याला साधी कळही येऊ देत नाहीस. समोर येऊन लढायची धमक तुझ्यात नाही. तू भित्रा आहेस, आणि तुझ्या या भित्रेपणानेच आजवर लाखो माणसं मारली आहेत.

तुझा गुन्हा नीट मांडायचा तर तू येण्याआधी शरीरात काय चालू असतं ते आधी सांगितलं पाहिजे. आपण काय मोडतो आहोत याची जाणीव तुला नसेल. ज्यांचं मोडतं आहे त्यांना तरी ती व्हायला हवी.

हृदय साधारण मुठीएवढं आणि वजनाने तीनशे ग्रॅमच्या आसपास. ते दिवसाला सुमारे एक लाख ठोके देतं. दर ठोक्याला सत्तर मिलीलीटर रक्त बाहेर पडतं. म्हणजे माणूस नुसता बसून असला तरी मिनिटाला पाच लीटर आणि दिवसाला सात हजार लीटर. उजवी बाजू शेजारच्या फुप्फुसांकडे रक्त पाठवते. तिचं काम हलकं, त्यामुळे तिची भिंतही पातळ. डाव्या बाजूला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळीकडे रक्त पोचवायचं असतं. म्हणून डाव्या खालच्या कप्प्याची भिंत उजवीपेक्षा जवळपास तिप्पट जाड, सुमारे एक सेंटिमीटर. चार झडपा एकाच दिशेने उघडतात आणि रक्ताला मागे फिरू देत नाहीत. डॉक्टर स्टेथोस्कोपमधून जी 'लब-डब' ऐकतात ती या झडपा मिटण्याची.

शाळेच्या पुस्तकात इतकं सगळं असतं. पुस्तक जिथे घाईने पुढे सरकतं, तिथेच तू काम करतोस, म्हणून मी तिथे थांबते.

हृदयातून निघणारी महाधमनी लवचीक असते. ठोका पडला की ती फुगते आणि त्या जोराचा काही भाग स्वतःच्या भिंतीत साठवून ठेवते. हृदय सैल पडतं तेव्हा ती हळूहळू मूळ मापावर येते आणि साठवलेल्या जोराने रक्त पुढे ढकलते. हृदयाचं काम ठोक्याठोक्याने चालतं, पण केशवाहिन्यांपर्यंत पोचणारा प्रवाह त्यामुळे तुटत नाही. दंडावर पट्टा बांधून मोजताना जे दोन आकडे येतात त्यातला वरचा ठोक्याच्या क्षणाचा आणि खालचा हृदय विसावतं तेव्हाचा. त्या विसाव्यात दाब शून्यावर येत नाही याचं श्रेय महाधमनीच्या या गुणाला आणि तिच्यापुढच्या बारीक धमन्यांनी केलेल्या अडवणुकीला आहे. आणखी एक गोष्ट मला दर वेळी थक्क करते. हृदयाच्या डाव्या भिंतीला स्वतःचं रक्त मुख्यतः त्या विसाव्यातच मिळतं, कारण आकुंचनाच्या वेळी तिच्या आतल्या वाहिन्या दाबल्या जातात. सगळ्या देहाला पाजून झाल्यावर हृदय स्वतः पितं.

महाधमनीला फाटे फुटत फुटत जिथे धमन्या केसाहून बारीक होतात, तिथे त्यांच्या भिंतीत स्नायूंची कडी असतात. शरीराचं वाटप ही कडी ठरवतात. चौकात सकाळी निहारी-कुलचे खाल्ले की आतड्यांकडे जाणारी कडी सैल होतात. बड्या इमामबाड्याच्या भूलभुलैयाचे जिने चढायला लागलं की आतड्यांकडची आवळतात आणि मांड्यांकडची सुटतात. पाच लीटर रक्त सगळीकडे एकाच वेळी भरपूर पुरत नाही, म्हणून ज्याची गरज मोठी त्याला ते आधी. यापुढे केशवाहिन्या इतक्या अरुंद की तांबड्या पेशी एकामागे एक, अंग चोरून जातात. प्राणवायू आणि अन्नाची खरी देवघेव तिथेच होते.

फ्रान्समधला पॉइझुई हा डॉक्टर बारीक नळ्यांतून पाणी कसं वाहतं ते वर्षानुवर्षं मोजत बसला आणि १८४० च्या सुमारास त्याने एक नियम मांडला. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतो. त्रिज्या नुसती दहा टक्क्यांनी घटली तरी अडथळा दीडपट होतो. तुझी सगळी कारवाई या गणितावर उभी आहे. तुला धमनी बंद करायची गरजच नसते. लाखो बारीक धमन्यांची कडी किंचित आवळलेली ठेवलीस की झालं. पलीकडे रक्त पोचलंच पाहिजे, म्हणून हृदय जोर वाढवतं. वाढलेला जोर सोसायला धमन्यांच्या भिंती जाड होतात. भिंती जाड झाल्या की आतली वाट आणखी अरुंद होते, आणि हृदयाला आणखी जोर लावावा लागतो. पहिली खोडी तुझी. पुढचं सगळं नुकसान शरीर आपलं कर्तव्य म्हणून स्वतःच्या हाताने करत जातं. इतकं हलकट काम दुसरा कुठला रोग करत असेल असं मला वाटत नाही.

याला आवर घालणारी व्यवस्था शरीरात आहे. मानेतल्या मोठ्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे मज्जातंतू असतात. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात आणि मेंदू हृदयाची गती उतरवतो. आपण झटकन उठून उभे राहिलो तरी भोवळ येत नाही ती त्यांच्यामुळे. तू काय करतोस? तू घाई करत नाहीस. दाब चढाच राहिला की थोड्याच दिवसांत हे मज्जातंतू त्या चढ्या आकड्यालाच नेहमीचा समजू लागतात. मग दाब खाली येऊ लागला तर तेच तो परत वर नेतात. मूत्रपिंडंही तशीच फिरतात. निरोगी मूत्रपिंड दाब वाढला की जास्त मीठ आणि पाणी बाहेर टाकून तो उतरवतं. तू बिघडवलेलं मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, आणि कधीकधी रेनिन नावाचा स्राव सोडून धमन्या आणखी आवळायला लावतं. पहाऱ्यावर असलेल्यांनाच तू फितवतोस. कुठे दुखत नाही याचं हे एक मोठं कारण आहे.

तोवर आत काय होतं तेही लोकांना कळू दे. तालमीत घुमणाऱ्या पैलवानाच्या दंडासारखी हृदयाची डावी भिंत जाड होत जाते. पण पैलवान रात्री झोपतो, हृदयाला ती सवलत नाही. भिंत जितकी जाडावते तितका तिचा रक्तपुरवठा वाढत नाही. ती ताठर होते, नीट सैल पडत नाही, आणि विसाव्याच्या क्षणी आत पुरेसं रक्त येत नाही. मग एके दिवशी अमीनाबादच्या बाजारात दोन पिशव्या उचलताना माणसाला धाप लागते आणि तो म्हणतो, वय झालं. धमन्यांचं नाजूक आतलं अस्तर सततच्या जोराने खराब होतं, तिथे कोलेस्टेरॉल शिरतं, गाठी धरतात. प्रत्येक मूत्रपिंडात दहा लाखांच्या आसपास गाळण्या असतात. त्या एकेक करून निकामी होतात, आणि निम्म्याहून जास्त गेल्या तरी माणसाला कळत नाही. मेंदूच्या तळाशी मोठ्या धमनीतून थेट फुटलेल्या काही अगदी बारीक धमन्या असतात. मोठ्या धमनीतला जोर त्यांच्यावर जवळजवळ तसाच आदळतो. त्या बंद पडतात किंवा फुटतात. माणूस सकाळी चहाचा कप उचलायला जातो आणि हात उचलतच नाही.

तुझा माग एकाच ठिकाणी उघड्यावर दिसतो, डोळ्याच्या पडद्यावर. शरीरातल्या रक्तवाहिन्या कापाकापी न करता थेट पाहता येतात त्या तिथेच. चष्म्याचा नंबर तपासायला गेलेल्या माणसाला डोळ्यांचा डॉक्टर बीपी मोजून घ्यायला सांगतो, ते तिथल्या अरुंद झालेल्या धमन्या आणि रक्ताचे ठिपके पाहून. तू इतका लपतोस, तरी तिथे सापडतोस.

माझे मामा लखनऊत रेल्वेत होते. नोकरीचा शेवटचा बराच काळ त्यांनी चारबाग स्थानकावर काढला. बीपी आहे हे त्यांना माहीत होतं आणि गोळी सुरू होती. मग एकदा मोजलं तर आकडा बरोबर आला, आणि मामांनी ठरवलं की आता बरं झालं. आकडा गोळीमुळे बरोबर आला होता, हे त्यांना कुणी नीट समजावून सांगितलेलं नव्हतं. शिवाय इथे घरोघरी ऐकू येणारं वाक्य त्यांच्याही कानावर होतंच: 'बीपी की गोली की आदत पड़ जाती है।' आपल्याकडेही 'एकदा सुरू केली की सुटत नाही' म्हणतात. जानेवारीतल्या धुक्याच्या एका सकाळी त्यांची उजवी बाजू गेली. थंडीत धमन्या आवळतात आणि तुझा आकडा चढतो. तू हंगामसुद्धा निवडून घेतोस. मामा वाचले. पण ज्या हाताने त्यांनी आयुष्यभर रेल्वेच्या नोंदवह्या मोत्यासारख्या अक्षरांत लिहिल्या, तो हात आता पेनही धरत नाही. दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी हयातीचा दाखला भरताना ते डाव्या हाताचा अंगठा देतात. हे पत्र मी त्यांच्या वतीने लिहिते आहे. त्यांना लिहिता आलं असतं तर त्यांनी माझ्यापेक्षा कडक शब्दांत लिहिलं असतं.

लखनऊ आणि मराठी म्हटलं की आणखी एक नाव डोळ्यांपुढे येतं. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी १९२६ साली इथे मॅरिस कॉलेज उभं केलं. हिंदुस्थानी संगीताचं शिक्षण पाठ्यक्रम आणि स्वरलिपीच्या आधारावर आणणारा हा मुंबईचा माणूस. त्यांनी उभी केलेली ती संस्था आज त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. १९३३ साली भातखंड्यांना अर्धांगवायूने गाठलं, आणि १९ सप्टेंबर १९३६ ला ते गेले. त्या झटक्यामागे तूच होतास असं म्हणायला माझ्यापाशी कागद नाही, आणि पुराव्याशिवाय मी आरोप करणार नाही. पण अर्धांगवायूच्या कारणांची यादी कुठल्याही डॉक्टरला विचारा, पहिलं नाव तुझंच येतं. आणि १९३३ मध्ये तो तू असतास तरी तुझ्यावर चालणारं, जगभर मान्य झालेलं औषध तेव्हा नव्हतं.

त्या काळी तुझं फावलं ते डॉक्टरांच्या एका चुकीच्या समजुतीमुळेही. १९३० च्या दशकात मोठमोठे हृदयतज्ज्ञ मानत की वय वाढलं की दाब वाढणारच. अरुंद वाहिन्यांतून रक्त पोचवण्यासाठी तो गरजेचा आहे, त्याला हात लावू नये. या समजुतीची सगळ्यात प्रसिद्ध किंमत अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी मोजली. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयतज्ज्ञाने त्यांना तपासलं तेव्हा दाब १८६/१०८ होता आणि हृदय थकलेलं होतं. त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत ते याल्टाला जाऊन जगाची वाटणी ठरवायला बसले. १२ एप्रिल १९४५ रोजी डोक्याच्या मागे भयंकर दुखतंय म्हणाले आणि कोसळले. त्या वेळी मोजलेला आकडा ३००/१९० होता. जगातल्या सगळ्यात सामर्थ्यवान माणसाच्या मेंदूत रक्तस्राव झाला, आणि त्याच्या डॉक्टरांच्या हातात देण्याजोगं औषध नव्हतं.

मग मुंबईने तुझ्यावर हात टाकला. ही गोष्ट मराठी माणसाला जितकी माहीत असायला हवी तितकी नाही. सर्पगंधा हे झुडूप आपल्या वैद्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. १९३१ साली कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी ते दाब उतरवतं असं लिहून ठेवलं होतं, पण परदेशात कुणी लक्ष दिलं नाही. केईएम रुग्णालयातले हृदयतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी वर्षानुवर्षं रुग्णांना सर्पगंधा दिली, आकडे नोंदवले आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये पन्नास रुग्णांचा हिशेब छापला. तो वाचून बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी सर्पगंधा मागवून वापरली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातलं रेसरपीन वेगळं केलं. धमन्या आवळायचा निरोप देणाऱ्या नसांच्या टोकांशी जो रसायनाचा साठा असतो, तो ते रिकामा करतं. निरोपच गेला नाही तर कडी आवळणार कशी? १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं. रेसरपीनमुळे काहींचं मन खचायचं, आणि पुढे त्याहून चांगली औषधं आली. पण एका गोळीने तू हटतोस हे जगाने मोठ्या प्रमाणावर पाहिलं ते या झुडपामुळे. त्याआधी तू अजिंक्य होतास. परळच्या एका डॉक्टरच्या वहीने तुझी ती मिजास उतरवली.

लखनऊही गप्प बसलं नव्हतं. गोमतीकाठच्या छत्तरमंझिल या नवाबी वाड्यात १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित नेहरूंनी केंद्रीय औषध संशोधन संस्थेचं उद्घाटन केलं. देशभरातल्या वनस्पती आणून त्यांचा अर्क काढायचा आणि कशावर काय परिणाम होतो ते तपासायचं, हे तिथलं एक मोठं काम. १९७० च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी माईनमूळ या वनस्पतीतून दाब उतरवणारा पदार्थ वेगळा केला आणि त्याला कोलिओनॉल नाव दिलं. माईनमूळ म्हणजे आपल्याकडे ज्याच्या मुळांचं लोणचं घालतात तेच. त्याच सुमारास मुंबईत मुलुंडला हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रातली माणसं त्याच झाडाच्या मागे होती. त्यांनी काढलेल्या पदार्थाचं नाव फोर्सकोलिन. पुढे कळलं की लखनऊ आणि मुलुंडने शोधलेला पदार्थ एकच आहे. तो पेशीच्या आत असं एक रसायन वाढवतो की धमनीच्या भिंतीतला स्नायू सैल पडतो. त्याची रोजची बीपीची गोळी झाली नाही. पण पेशीच्या आतले निरोप कसे जातात हे तपासायला जगभरच्या प्रयोगशाळा आजही फोर्सकोलिन वापरतात, आणि जपानमध्ये त्यापासून बनवलेलं औषध हृदय कमी पडलेल्या रुग्णांना दिलं गेलं. नवाबाच्या वाड्यात आणि मुलुंडच्या प्रयोगशाळेत बसून लोक तुझीच नस शोधत होते.

तुला पकडण्याचं हत्यार तर त्याच्याही आधीचं. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स या धर्मगुरूने घोडीच्या मांडीच्या धमनीत नळी घातली तेव्हा रक्त काचेच्या नळीत आठ फूट तीन इंच चढलं. १७३३ साली छापलेल्या ग्रंथात त्याने ते लिहून ठेवलं आहे. इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये दंडावरचा पट्टा आणला. १९०५ साली कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकाने पट्ट्याखालच्या धमनीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि दाब सोडताना आवाज कधी सुरू होतो, कधी थांबतो ते सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लखनऊत आजच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाची पायाभरणी झाली. आज त्या विद्यापीठाच्या लारी कार्डिऑलॉजी या हृदयरोग केंद्रात आजूबाजूच्या जिल्ह्यांतून रात्री-बेरात्री छाती धरून माणसं येतात. नातेवाईक बाहेर चादरी अंथरून बसतात. त्यांच्याशी बोलावं तर तेच ऐकू येतं: बीपी होतं, पण कधी त्रास नव्हता.

तुझे साथीदारही मला ठाऊक आहेत. मीठ हा पहिला. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर मीठ खा म्हणते. आपण त्याहून बरंच जास्त खातो. भाजीत असतंच, पण लोणचं, पापड, शेव, चिवडा, बाजारातली नमकीनची पाकिटं आणि ब्रेड यांतूनही ते येतं. दुसरा साथीदार तंबाखू. लखनवी किमाम पानाला सुगंध देतो, आणि त्यातलं निकोटीन धमन्या आवळतं. आमच्या विदर्भातल्या खर्ऱ्यातही तोच माल असतो. पोटाचा घेर, दारू, अपुरी झोप, घोरणं हे सगळे तुझ्याच टोळीतले. लखनवी जेवणाला मी दोष देणार नाही. अधूनमधून खाल्लेल्या कबाबाने कुणी मरत नाही. रोजच्या ताटात नकळत जास्त पडणारं मीठ आणि रोजची पुडी माणसाला मारते.

आणि एक साथीदार घाईत मोजलेला आकडा. दवाखान्यात जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाच्या शर्टाच्या बाहीवरच पट्टा बांधायचा, त्याच्याशी बोलत बोलत मोजायचं, हे सर्रास चालतं. असा आकडा खोटा ठरतो, आणि एक आकडा खोटा ठरला की माणूस पुढचा खरा आकडाही मानत नाही. मोजायचं तर आधी पाच मिनिटं शांत बसायचं. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीला टेकवलेला, तोंड बंद. एक-दोन मिनिटांनी परत मोजायचं. जाड दंडाला मोठा पट्टा लागतो. छोटा पट्टा उगाच चढा आकडा दाखवतो. तुझ्याविरुद्धचा सगळा खटला या दहा मिनिटांवर चालतो, म्हणून मी त्यावर इतका जोर देते.

आता तुझ्या बळाचा हिशेब. सुमारे दहा लाख माणसांच्या नोंदी एकत्र तपासून २००२ साली दाखवलं गेलं की चाळीस ते सत्तर वयाच्या लोकांत वरचा आकडा ११५ पासून वीस-वीस मिलिमीटरने जितका चढतो, तितक्या वेळा अर्धांगवायूने आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका दुप्पट होतो. म्हणजे १४० या नेहमीच्या मर्यादेखाली तू गप्प बसतोस हेही खरं नाही. पण उलटंही खरं आहे. वरचा आकडा गोळीने नुसता पाचने उतरवला तरी अशा मोठ्या झटक्यांची शक्यता सुमारे दहा टक्क्यांनी कमी होते. पाचने! तुझं साम्राज्य इतकं ठिसूळ आहे. तुला हरवायला शस्त्रक्रिया लागत नाही, लाखाचं बिल लागत नाही. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन या गोळ्या दिवसाला काही रुपयांत मिळतात, आणि सरकारी आरोग्य केंद्रात फुकट. एक धमनीच्या स्नायूला सैल पाडते, दुसरी मूत्रपिंडाकडून येणारा आवळण्याचा हुकूम अडवते, तिसरी जादा मीठ लघवीवाटे बाहेर काढते. तुझे तीन मार्ग, तीनही आम्हाला माहीत झालेले.

तरीही भारतात दर चार प्रौढांपैकी एकाच्या अंगात तू आहेस, आणि ज्यांच्या अंगात आहेस त्यांपैकी जेमतेम बारा टक्क्यांचा दाब आटोक्यात आहे. हा आकडा मला सगळ्यात लाजिरवाणा वाटतो. रूझवेल्टपाशी नव्हती ती गोळी आज मलिहाबादच्या आंब्याच्या बागेत राबणाऱ्या मजुराला मिळू शकते, आणि तो ती घेत नाही, कारण त्याचं दुखत नाही. त्याला दोष देऊन मी मोकळी होणार नाही. ज्याला रोजच्या मजुरीतून वेळ काढून महिन्याच्या गोळ्यांसाठी रांगेत उभं राहावं लागतं, आणि रांगेच्या शेवटी 'गोळ्या संपल्या, पुढच्या आठवड्यात या' ऐकावं लागतं, तो परत का येईल? गोळ्यांचा न तुटणारा पुरवठा हीसुद्धा आरोग्यसेवा आहे, आणि तो तुटू देणारा प्रत्येक जण तुझा मदतनीस आहे.

हे बदलता येतं याचाही पुरावा आहे. २०१७ च्या अखेरीला देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे त्यात होते. त्यात भपका नव्हता. आरोग्य केंद्रात आलेल्या प्रत्येक प्रौढाचा दाब मोजायचा. कुठली गोळी आधी, कुठली नंतर, याचा एकच ठरलेला क्रम पाळायचा. गोळ्या महिन्याभराच्या द्यायच्या. प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवायचं आणि जो आला नाही त्याला फोन करायचा. परिचारिका आणि आशाताई यांच्या जोरावर चाललेल्या या कामाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. वर्ध्याच्या एखाद्या उपकेंद्रात वहीत बघून 'आजोबा, गोळ्या संपल्या असतील, या ना' म्हणून फोन करणारी ताई तुझी खरी शत्रू आहे. तिच्यासारख्या बायका लखनऊच्या गल्ल्यांतही आहेत. तिला कार्ड, गोळ्या आणि वेळेवर मानधन मिळालं की तुझं आयुष्य कमी होतं.

तेव्हा ऐक. तू गुन्हेगार आहेस. तुझी पद्धत कळली आहे, साथीदार कळले आहेत, आणि तुला धरण्याचं साधन दंडाभोवती गुंडाळायच्या एका कापडी पट्ट्याइतकं साधं आहे. जगायला तुला एकच गोष्ट लागते, आमचं न मोजणं. तुझ्याशी मला इतकंच बोलायचं होतं. पुढचं वाचणाऱ्यांशी.

वाचकहो, तिशी ओलांडली असेल तर वर्षातून एकदा तरी दाब मोजून घ्या, दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे असेल तर डॉक्टरांकडे जा. गोळी सुरू असताना आकडा बरोबर आला तर त्याचा अर्थ गोळी काम करते आहे. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि घरात कुणी 'मला काही त्रास नाही' म्हणून गोळ्यांचा डबा बाजूला सारत असेल, तर आज त्यांच्याशेजारी बसा आणि हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.